आभाळाला लावलेला टेकू

कवठोलीच्या टेकडीवर टेकाईचं ठाणं आहे. दगडी चौथरा, त्यावर शेंदूर लावलेली देवी, आणि देवीच्या बाजूला बाभळीचा एक जाडजूड टेकू उभा. त्या टेकूवर काहीच नाही. ना तुळई, ना छप्पर, नुसतं आभाळ. पाहुणे येतात, टेकूला हात लावून बघतात, हसतात, फोटो काढतात. मग त्यांच्यातला एखादा, बहुधा पांढऱ्या बुटातला, मोठ्या कळवळ्यानं म्हणतो, "अरेरे, एवढं जागृत स्थान! तुम्ही याचा जीर्णोद्धार का नाही करत?" झालं. त्या माणसाला कवठोलीत पुढे चहा मिळत नाही.

ठाण्याची झाडलोट करणारे म्हातारे हरिबा त्याला मुद्दाम उन्हात बसवतात आणि आधी फैलावर घेतात.

"घर शाकारा म्हणा. भित लिंपा म्हणा. हिरीची डागडुजी करा, मोटरची दुरुस्ती करा. शाळंवर सरकारनं नूतनीकरणाची पाटी ठोकली, आमी काय बोललो न्हाई. माझ्या नातवानं मोरी फोडून नवी क्येली, त्येला त्यो रिनोव्हेशन म्हंतो. म्हनू दे, त्याची मोरी हाय. पर ह्यो तुमचा सबूद टेकडीच्या खाली ठिवून यायचा. हितं त्येनं एक बाई खाल्लीया."

आणि मग ते सांगू लागतात.

फार पूर्वी टेकाईला चांगलं देऊळ होतं म्हणे. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. गावात दोन आळ्या, वरची आणि खालची, आणि दोन्हींचं एकमेकींशी विळ्याभोपळ्याचं सख्य. भांडण देवीच्या दारावरच्या दगडाचं. गावाचा दंडक असा होता की जो जीर्णोद्धार करील, त्याच्या नावाचा दगड दारावर बसायचा. दारावर जागा एकाच दगडाची. नवा बसवायचा तर जुना काढायला हवा, जुना काढायचा तर दार उतरवायला हवं, आणि एवढं केल्यावर भिंती तरी कशाला ठेवायच्या? म्हणून देऊळ पाडून पुन्हा बांधत. नाव उद्धाराचं, काम पाडापाडीचं.

दंडकाचा दुसरा भाग असा की देऊळ जीर्ण झाल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आता भक्कम भिंती काही आपणहून लवकर जीर्ण होत नाहीत. मग ज्या आळीचा दगड दारावर नसे ती आळी देवळाला म्हातारं करायच्या मागे लागे. कोणी फटीत पिंपळाचं रोप खोचून त्याला भक्तिभावानं पाणी घाली. कोणी पायातली दगडाची चीप ढिली करून ठेवी. वर पुन्हा हीच माणसं सकाळी देवीपुढे नाक घासायला हजर.

वरच्या आळीच्या सुभानजीला राही नावाची एकुलती एक लेक होती. ती खालच्या आळीच्या निंबाजीला दिली. सोयरीक झाली की वैर निवेल, असं शहाण्यासुरत्या माणसांना वाटलं. निवतंय कसलं! आजवर चावडीवर होणारं भांडण आता राहीच्या चुलीपर्यंत आलं, एवढंच.

तेव्हा दारावर सुभानजीचा दगड होता. निंबाजीनं स्वतःच्या नावाचा दगड आधीच घडवून घेतला होता आणि गोणपाटाखाली अंगणात झाकून ठेवला होता. येताजाता तो दगड बघे आणि देवळाकडे बघे. मग त्यानं राहीला फर्मावलं, रोज देवीला घागर घेऊन जा, पण पाणी देवीवर नको, मागच्या भिंतीच्या पायात ओत. सुभानजीच्या लेकीच्या घागरीवर कोण संशय घेणार? राहीनं ओतलं. नवऱ्याच्या धाकानं ओतलं, आणि रोज देवीची क्षमा मागून ओतलं.

एके दिवशी मागची भिंत फुगलेली तिला दिसली. धाबं एका अंगाला कललं होतं. घागर तिथंच टाकून ती धावत माहेरी गेली आणि बापाला सगळं सांगून मोकळी झाली. बाप आता गाव गोळा करील, देवीला वाचवील, अशी तिची खात्री होती.

सुभानजी हसला. "पडू दे की," म्हणाला. "त्याला बांधू दे. त्येचा दगड बसला की आपन बी पिंपळ लावू. तू गप घरला जा."

राही घरी गेली नाही. त्या घडीला तिला बापाचा आणि नवऱ्याचा सारखाच तिटकारा आला, असं सांगतात. दोघांना देवी नकोच होती, दार हवं होतं. ती तडक टेकडी चढली, गाभाऱ्यात शिरली आणि फुगलेल्या भिंतीकडे पाठ करून देवीला मिठी मारून बसली.

बातमी फुटली तशी दोन्ही आळ्या धावत आल्या आणि दारासमोर दोन बाजूंना उभ्या राहिल्या. धाब्यातून माती झरत होती.

"पोरी, भाईर ये," बाप ओरडला. "माझ्या घरी चल."

"माझ्या घरची बाई हाय ती," निंबाजी खेकसला. "राही, मुकाट्यानं घरला चल!"

आतून राहीचा आवाज आला म्हणे, अगदी शांत. "म्या कुनाच्याच घरला येनार न्हाई. बा, तुमी आन् हे, दोगं मिळून एक टेकू लावा. टेकू लागला की भाईर येते."

बाभळीचा सोट बाहेर पडलेलाच होता. दोघांनी उचलायचा, तुळईखाली सरकवायचा, संपलं. पण दोघेही जागचे हलेनात. टेकू लागला तर देऊळ उभं राहील, मग अंगणातल्या दगडाचं काय करायचं, हा निंबाजीला घोर. सुभानजी म्हणे, माझ्या दाराला या माणसाचा हात लागता कामा नये. आधी त्यानं वाकावं, मग मी वाकतो. आधी त्यानं, मग मी. शिवाय टेकू लावणाऱ्याच्या नावाचा दगड कोणी बसवत नाही. आळ्यांमधले तगडे गडी आपापल्या म्होरक्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, कारण पहिल्यानं पुढं होणं म्हणजे आळीचं नाक कापून देणं.

"हट्टी हाय," निंबाजी म्हणाला. "तहान लागली की यील भाईर."

ते तसे हुज्जत घालत असतानाच मागची भिंत बसली आणि धाबं खाली आलं.

मग मात्र हात कोणाचा आधी, हे कोणी विचारलं नाही. दोन्ही आळ्यांनी नखं फुटेस्तोवर माती उपसली. राही देवीवर पालथी सापडली. देवीला ओरखडा नव्हता. राही गेली होती.

पुढे निंबाजीनं पस्तावून आपला दगड स्वतः फोडला, असं काही जण सांगतात. हरिबा ते उडवून लावतात. "कसला पस्तावतोय! गावानं फोडला, त्येच्याच अंगनात, त्येच्याच म्होरं. आन् सुभानजीचा बी." त्याच दिवशी गावानं शपथ घेतली की टेकाईवर पुन्हा छप्पर घालायचं नाही. आणि सासऱ्या-जावयाला माना धरून वाकवलं आणि तोच सोट उचलून मोकळ्या चौथऱ्यावर उभा करायला लावला.

आजही चैत्रात त्याच तिथीला जुना टेकू काढून नवा लावतात. वरच्या आळीतून सुभानजीच्या कुळातला एक येतो, खालच्या आळीतून निंबाजीच्या कुळातला एक. वर्षभर ही दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, मयताला जात नाहीत. त्या दिवशीही बोलत नाहीत. सोट खांद्यावर घेतात, उभा करतात, पायाशी पाचर मारतात. मग दोघे पूर्वी गाभारा होता त्या जागेकडे तोंड करून एकदम हाक मारतात, "राही, टेकू लावलाय. भाईर ये."

दोघे बराच वेळ कान देऊन उभे राहतात, आणि मग एकमेकांकडे न बघता आपापल्या वाटेनं टेकडी उतरतात.