कर्तरी की कर्मणी?

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंच्या घरी आला, तो चपलांसकट थेट माजघरात शिरला. विश्वंभर त्याचं नाव. गुरू म्हणजे जन्मभर व्याकरण शिकवलेले शास्त्रीबुवा. इतरांना ते क्रियापदाच्या चुकीवरूनही फैलावर घेत, त्या दिवशी मात्र त्यांनी चपलांकडे पाहिलं आणि ते नुसतं म्हणाले, "बैस."

विश्वंभर कसला बसतोय! खिडकीपासून दारापर्यंत त्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या.

"गुरुजी, माझी दृष्टी मंदावत चालली आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जुन्या औषधाने कशीबशी टिकून आहे, पण फार काळ टिकणार नाही. आता इस्पितळात एका नव्या औषधाची चाचणी सुरू होते आहे. भाग घेता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलंय. काहींना नवं औषध देणार, काहींना जुनंच. कुणाला कोणतं, ते सांगणार नाहीत. बायको म्हणते, तुमच्यावर प्रयोग करणार, तुम्ही काय उंदीर आहात? मेहुणा म्हणतो, आलेली संधी दवडू नका. उद्या उत्तर द्यायचंय आणि माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. तुम्हीच काय ते सांगा. तुमचा शब्द मी मोडणार नाही!"

शास्त्रीबुवा आत गेले आणि एक पेला घेऊन आले. त्यात काहीतरी काळपट होतं.

"पी."

विश्वंभराने ते एका दमात घशाखाली घातलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "शी! काय होतं हे?"

"आता विचारतोस होय रे?"

विश्वंभर चपापला. "तुम्ही दिलंत, म्हणून प्यालो."

"काडेचिराइताचा काढा होता, घाबरू नकोस. आता मला सांग, कर्तरी प्रयोगात क्रियापद कुणाच्या मागून चालतं?"

"कर्त्याच्या."

"आणि कर्मणी प्रयोगात?"

"कर्माच्या."

"पेला पुढे आला आणि तू त्याच्या मागून गेलास. उद्या बायकोच्या भीतीमागून 'नाही' म्हणालास, मेहुण्याच्या उत्साहामागून 'हो' म्हणालास किंवा माझ्या शब्दामागून काहीही म्हणालास, तरी तो प्रयोग कर्मणीच झाला. उद्या त्या बाईंना विचार. औषधाने काय बिघडू शकतं? मध्येच सोडावंसं वाटलं, तर जुने उपचार चालू राहतील का? त्यांना जे ठाऊक नाही, तेही त्यांच्याच तोंडून ऐक. मग कर्ता हो आणि उत्तर दे. 'नाही' म्हणालास म्हणून तू भित्रा ठरत नाहीस, बाळा."

"आणि 'हो' म्हणालो नि उरलीसुरली दृष्टीही गेली तर?"

शास्त्रीबुवांनी रिकामा पेला बाजूला ठेवला. "तर फार वाईट होईल. मी तुला खोटा धीर देणार नाही."

दुसऱ्या दिवशी विश्वंभर पत्नीला बरोबर घेऊन इस्पितळात गेला आणि त्याने मनातलं सगळं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे उत्तरं दिली. चाचणी कधीही सोडता येईल, नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. "नव्या औषधाने दृष्टी अधिक खालावू शकते का?" या प्रश्नावरही त्यांनी काही लपवलं नाही. "खालावू शकते. कितपत शक्यता आहे, ते आम्हालाही अजून नीट ठाऊक नाही. ते कळावं म्हणूनच ही चाचणी."

पत्नीचे डोळे भरून आले. विश्वंभराने तिचा हात हातात घेतला. मग म्हणाला, "माझं नाव लिहून घ्या."

"घरच्यांचा आग्रह? की आणखी कुणी 'हो म्हणा' असं सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"गुरूंना विचारायला गेलो होतो," विश्वंभर म्हणाला, "पण त्यांनी सांगितलंच नाही."

मंडळी, आपल्या हिताचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात; आपला निर्णय आपल्याच हातात ठेवून परत पाठवणारा एखादाच.