ढोलीतली सरपंचबाई

ऐका हो. एका दाट रानात धनेश पक्ष्यांचं गाव होतं. चोच मोठी, चोचीवर शिंग, आणि तोरा त्याहून मोठा. तिथली रीत अशी, की अंडी घालायची वेळ आली की मादीनं झाडाच्या ढोलीत बसायचं आणि नरानं बाहेरून चिखलानं दार लिंपायचं. चोच निघेल एवढीच फट ठेवायची. याला ते सुरक्षा म्हणत.

त्या वर्षी वरून फर्मान आलं, सरपंच बाईच हवी. सगळे नर हबकले. शिंगराव मात्र भलता हुशार. त्यानं लिंपलेल्या ढोलीतल्या आपल्या बायकोला, हळदाबाईला, उभं केलं. ती बिनविरोध निवडून आली. हार शिंगरावाच्या गळ्यात पडले, भाषणही त्यानंच ठोकलं.

"बंधूंनो, ही नारीशक्तीची भरारी आहे!"

भरारी घेणारी आत अंडी उबवत होती.

कारभार झकास चालला. ठरावाचं पान फटीपाशी धरायचं, हळदाबाईनं चोचीचा ठसा उमटवायचा.

"अहो, लिहिलंय काय ते तरी सांगा," ती म्हणे.

"तुला कशाला डोक्याला ताप? उंबर खा," म्हणत शिंगराव तिच्या तोंडात उंबर कोंबे.

एकदा उंबर यायच्या आधीच तिनं पान वाचलं. 'पिल्लं उडाली तरी ढोल्या लिंपलेल्याच राहतील. कायमच्या.' तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

"अगंबाई! म्हणजे माझंच दार माझ्याच सहीनं बंद?"

पिल्लांना पंख फुटलेच होते. तिनं चोचीनं भिंत फोडली आणि तडक सभेत जाऊन सरपंचाच्या खुर्चीवर बसली.



"बाई, आपण कोण?" एका म्हाताऱ्या पंचानं विचारलं.

"मी सरपंच."

"छे छे! आमच्या सरपंचबाईंना आम्ही चांगले ओळखतो. त्यांना फक्त चोच आहे. तुम्हाला तर पंख दिसताहेत."

"अहो, तुम्ही तरी सांगा ना यांना!" ती नवऱ्याला म्हणाली.

शिंगरावानं तिला न्याहाळलं. मग खुर्ची न्याहाळली.

"माझी बायको घरंदाज आहे," तो म्हणाला. "ती घरीच आहे."

झालं! हळदाबाईचं नाव परक्या पाखरांच्या यादीत गेलं. रिकामी ढोली पुन्हा लिंपली, फटीत लाकडाची चोच बसवली, आणि तिच्याच ठशानं तो ठराव एकमतानं मंजूर झाला.

हळदाबाई रान सोडून गेली नाही. एकेका ढोलीपाशी बसून ती तो ठराव आतल्या बायांना मोठ्यानं वाचून दाखवू लागली.

हल्ली रानातल्या सगळ्या ढोल्यांतून टकटक ऐकू येते. पंचायतीनं खुलासा केलाय, की महिला आतून टाळ्या वाजवताहेत.