मथी आणि खाजणातली मीठपरी

नदी दमून भागून जिथं समुद्राच्या कुशीत शिरते, तिथं एक खाजण होतं. भरतीचं खारं पाणी हसत आत यावं आणि ओहोटीला हळूच निघून जावं, अशी ती मऊ मऊ चिखलाची जमीन. तिच्या काठावर एका इवल्याशा झोपडीत मथी आणि तिची आई राहायच्या. आई खाजणातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणि चिखलात टुणटुण उड्या मारणारे, बटबटीत डोळ्यांचे निवटे मासे धरून बाजारात विकायची.

पण दोन वर्षं झाली, खाजण रुसलं होतं. मोरसाची लालहिरवी झुडपं वाळून गेली होती. आईची टोपली रिकामीच घरी येत होती.

"मथे, पुनवेनंतर मी मिठागरावर कामाला जाईन गो," एका सकाळी आई म्हणाली. "तू मावशीकडं राहा."

"मग कधी येशील?"

"पावसाच्या तोंडावर. डोळे पूस बघू."

मथीनं डोळे पुसले आणि टोपली घेऊन ती खाजणात उतरली. रोज थोडं जरी मिळालं, तरी आई जाणार नाही, असं तिला वाटत होतं. आणि काय नवल! एक गुबगुबीत चिंबोरी तिला मिळालीसुद्धा. तेवढ्यात वाळक्या मोरसाखालून नाजूक आवाज आला, "सोडव ना गं मला!"

फाटक्या जाळ्यात एक बोटभर परी अडकली होती. तिचे पंख मिठाच्या खड्यांसारखे लखलखत होते. डोक्यावर तांदळाएवढ्या शिंपल्यांचा मुकुट होता. मथीनं टोपली खाली ठेवली आणि एकेक धागा हलक्या हातानं सोडवला. तोवर चिंबोरी तुरुतुरु पळून गेली.

"तुझी चिंबोरी गेली की गं," परी म्हणाली.

"जाऊ दे. ओढलं असतं तर तुझा पंख फाटला असता."

परी खुदकन हसली. "मी मीठपरी. तुला दोन इच्छा देते. पण आधी इथं गप्प बसून एक पुरी भरती आणि एक पुरी ओहोटी बघायची. कोण येतं, कोण काय खातं, सगळं बघायचं आणि मग मागायचं. घाई केलीस, तर तिचं बरंवाईट तुझ्याच पदरात. आणि मिळालेलं परत करायचं झालं, तर त्यालाही एक इच्छा लागेल."

मथी बसली. चमचमती भरती तिनं बघितली. पण ओहोटी लागली आणि तिला धीर धरवेना. उघडा चिखल तर तिनं जन्मभर बघितला होता, त्यात बघायचं काय?

"मीठपरी, सगळ्या खाजणात तिवराची झाडं येऊ देत! हिरवीगार! मग चिंबोऱ्या येतील आणि आई जाणार नाही."

परीनं सुस्कारा सोडला आणि पंख हलवले. सळसळ सळसळ झाडं वर आली. हिरव्याचंदेरी पानांनी खाजण भरून गेलं. मथी टाळ्या पिटत नाचली.

तेवढ्यात आभाळातून शीळ ऐकू आली. चिमुकल्या तपकिरी पाखरांचा थवा आला, खाली झेपावला आणि पुन्हा वर गेला. परत आला, परत गेला. एक पाखरू दमून मथीच्या ओटीत पडलं. त्याचं काळीज धडधडत होतं.

"ही उतरत का नाहीत?"

"कुठं उतरतील? बर्फाच्या देशातून आलीत, उपाशी. उघड्या चिखलातले किडे खातात ती. चिखलच त्यांचं ताट."

दुसरी इच्छा तिनं आईसाठी राखली होती. 'आई जाऊ नये,' एवढंच मागायचं होतं. तिनं ओटीतल्या पाखराकडं बघितलं.

"आई गेली तरी परत येईल," ती हुंदके देत म्हणाली. "ही मेली तर परत येणार नाहीत. मीठपरी, चिखल मोकळा कर."

झाडं चिखलात विरून गेली. सगळा थवा झरझर खाली उतरला आणि टुकटुक चिखल टोचू लागला.

इच्छा संपल्या होत्या. तरी दुसऱ्या दिवशी मथी पुन्हा येऊन बसली. आता तिनं खरंच बघितलं. पुरी भरती, नि पुरी ओहोटीसुद्धा. आणि तिला दिसलं, खाजणाच्या मातीच्या बांधातल्या उघाडीपाशी, म्हणजे पाणी आतबाहेर करायच्या दारापाशी, भरती येते आणि तशीच माघारी फिरते. अर्धं खाजण तहानलेलंच राहतं! उघाडीत जाळ्यांचा हा मोठा बोळा बसला होता.

मथीनं ओढायला सुरुवात केली.

"काय गो मथे, चिखलात न्हातेस की काय?" बांधावरून शेजारची गोदाकाकी हसली.

"काकी, पाणी दारातनं परत जातंय. ये ना, बघ."

काकी वाकली आणि तिचं हसू मावळलं. "अगो बाय! ही निळी जाळी माझीच! जुनी झाली की आपण सगळ्याच इथं फेकतो." तिनं लुगडं वर खोचलं आणि हाळी दिली, "अगो, या गो सगळ्या! आपलाच घोळ आपणच निस्तरू!"

मथीची आई आली, आळीतल्या बायका आल्या. चार दिवस, प्रत्येक ओहोटीला, चेष्टा करत, गाणी म्हणत त्यांनी उघाडी उपसली. मथीनं बांधाच्या कडेकडेनं तिवराच्या बिया रोवल्या, पण चिखलाचं ताट मोकळंच ठेवलं.

पुनवेच्या सकाळी खळाळत पाणी आत शिरलं. पाण्यावर मीठपरी तरंगत होती.

"इच्छा संपल्या, मथे. हे तुझ्या हातांचं बक्षीस." तिनं पंख झटकले. मिठाच्या शुभ्र चुऱ्यासारखा उजेड सांडला. जिथं जिथं पाणी पोचलं, तिथं मोरस लालहिरवं झालं, निवटे उड्या मारू लागले, चिंबोऱ्या नांग्या उंचावून बाहेर आल्या. उजेड वाढत गेला, इतका की मथीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा परी नव्हती. आई होती, गुडघाभर पाण्यात, आणि टोपली तिला एकटीला उचलत नव्हती.

"धर गो मथे, एका बाजूनं," आई म्हणाली. "मिठागरावर कळवू, मला वेळ नाही म्हणून."

त्यानंतर मथी रोज ओहोटीला बांधावर बसे.

"आज कोण कोण आलंय गो?" गोदाकाकी लांबूनच ओरडे.

"हळू बोल ना, काकी," मथी कुजबुजे. "जेवतायत ती."