वेणूची आई आणि खोत

द्वारकेला सातवा महिना होता. पाच वर्षांच्या वेणूचा हात पोटावर ठेवून ती रोज सांगायची, "तू आता ताई होणार."

डोहाळजेवणाला गावचे खोत भिकाआप्पा आले आणि सगळ्यांसमोर वेणूला म्हणाले, "भाऊ आला की तुला उकिरड्यावर टाकणार!" खोत हसले म्हणून सगळे हसले. वेणू हुंदके देऊ लागली.

द्वारकेच्या अंगाचा तिळपापड झाला. "आप्पा, तुमच्या पाठीवर किती भाऊ?"

"चार! चारही वाघ," खोतांनी मिशीला पीळ दिला.

"म्हणजे तुम्हाला चार वेळा उकिरड्यावर टाकलं असणार. दर वेळी उचलून घरी कोण आणायचं?"

खोतांचा मिशीवरचा हात खाली आला. वेणूने डोळे पुसले आणि काळजीने विचारलं, "सांगा ना आप्पा, कोण आणायचं?"