चिंधूने भोगीची भाजी राखली

गोदाकाठच्या एका गावात चिंधू नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा गावचा शब्द. गावातली माणसं चांगली होती, त्याला मूर्ख कुणी म्हणत नसे. निदान तोंडावर तरी नाही. चिंधूमध्ये एक मोठा गुण होता. सांगितलेलं तो ऐकायचा आणि एकदा ऐकलेलं जन्मात विसरायचा नाही. फक्त ते कुठे वापरायचं, एवढी किरकोळ गोष्ट त्याच्या डोक्यात घालायची देवाकडून राहून गेली होती.

त्याची बायको ठकू. हुशार, तिखट, आणि का कोण जाणे, नवऱ्यावर जीव टाकणारी. तिचे वडील रावजीबाबा मात्र जावयाला पुरते ओळखून होते. दिवाळीलाच ते लेकीला सांगून गेले होते, "पोरी, भोगीला जेवायला येतो. त्या दिवशी तुझा संसार धड दिसला तर बरं. न्हाईतर उठायचं आन् माझ्यासंगं माहेरी चलायचं."

ठकूने हे चिंधूला सांगितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ठकू, तू गेलीस तर मला सांगनार कोन?" तो म्हणाला. त्याला प्रेम असंच बोलता यायचं.

भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. परसात जे जे पिकलं असेल ते सगळं एका भांड्यात शिजवायचं, वर तिळाचं कूट घालायचं, आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीशी खायचं. ठकूच्या परसात गाजरं होती, वांगी होती, काटक्यांच्या कुडावर पावटा चढला होता. पण भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी असा काही गारठा सुटला की गावातले म्हातारे आभाळाकडे बघून म्हणाले, आज दहिवर गोठणार. पडलेलं दव असं गोठलं की पाला एका रात्रीत करपतो, आणि मग भाजी खायची ती आठवणीनेच.

ठकू पीठ दळत होती. ती आतूनच ओरडली, "आवो, परसात जा आन् गाजराच्या वाफ्यात दिसंल ते तोडून आना!"

चिंधू गेला. गाजराच्या वाफ्यात पाला दिसत होता. त्याने दिसेल ते तोडलं आणि हिरव्यागार पाल्याचा भारा आणून ठकूपुढे टाकला.

"आन् गाजरं?"

"ती दिसली न्हाईत."

ठकूने कपाळावर हात मारला. "आवो, वर दिसतंय त्याच्यावर जाऊ नगा. बूड धरायचं आन् मुळासकट उपटायचं!"

"हात्तिच्या! मग तसं सांगायचं," चिंधू म्हणाला. तो परत गेला आणि सगळी गाजरं उपटून घेऊन आला. ठकूला बरं वाटलं. बरं वाटल्याच्या भरात तिने त्याला वांगी आणायला पाठवलं.

चिंधूने वांग्यांकडे पाहिलं. वांगी वर दिसत होती. वर दिसतंय त्याच्यावर जायचं नसतं, हे त्याला आताच कळलं होतं. त्याने बूड धरलं. मातीची ढेकळं लोंबणारी वांग्याची झाडं खांद्यावर घेऊन तो स्वयंपाकघरात आला, तेव्हा ठकूचं सारवलेलं घर बघण्यासारखं झालं होतं.

"आवो, झाडं उपटली व्हय? झाडाला धक्का लावायचा नसतो! देठापाशी धरायचं, आन् अलगद तेवढं खुडून घ्यायचं!"

"अलगद," चिंधू म्हणाला आणि डोक्यात नीट ठेवून दिलं. नशीब एवढंच, की खांद्यावर मावली नाहीत म्हणून कोपऱ्यातली थोडी झाडं मागे राहिली होती.

ठकू घर सारवायला बसली. तेवढ्यात परसात शेजारच्या कौतिकमावशींची शेळी शिरली आणि पावट्याला लागली. "शेळी! आवो, शेळीला बघा!" ठकू ओरडली. चिंधू धावला. शेळीच्या तोंडातून पावट्याचा वेल लोंबत होता. चिंधूने शेळीला जराही धक्का लावला नाही. वेल देठापाशी धरला आणि अलगद खुडून घेतला. शेळीने दुसरा घास घेतला. चिंधूने तोही खुडला. दोघांचं काम इतकं शिस्तीत चाललं होतं की ठकू सारवणाच्या हातांनी बाहेर आली नसती, तर कुडावर नुसता कूडच उरला असता.

"आवो, परसाच्या वाटेनं असं कुनी शिरलं की दगूड घ्यायचा, बोंब ठोकायची आन् पार वेशीपातुर पिटाळायचं!"

"व्हय व्हय. ध्येनात ठिवतो."

त्याने ध्यानात ठेवलं. दुपारी कौतिकमावशी स्वतःच आल्या. शेळीने केलेल्या नुकसानीची त्यांना लाज वाटली होती, म्हणून सुपात घेवडा आणि हरभऱ्याचे सोलाणे घेऊन आल्या. आल्या परसाच्या वाटेने. चिंधूने दगड घेतला आणि बोंब ठोकली. बाई वयाने थोर, पण वेशीपर्यंत एकदाही थांबल्या नाहीत. घेवडा वाटभर सांडला.

ठकू आता रडकुंडीला आली. "आवो, दारात आलेल्याला या म्हनावं, बसायला टाकावं, तांब्याभर पानी द्यावं, घरात असंल ते पोटभर खाऊ घालावं. एवढीसुदिक रीत कळंना तुमाला?" असं म्हणून ती मावशींची समजूत काढायला निघाली.

ती वळली आणि इकडे मघाची शेळी आली. चिंधू रीत आत्ताच शिकला होता. "या," तो म्हणाला. त्याने घोंगडी अंथरली, तांब्या ठेवला आणि घरात होतं ते पुढे केलं. घरात गाजरं होती आणि उपटलेल्या झाडांची वांगी होती. शेळीने आढेवेढे घेतले नाहीत. ठकू परत आली तेव्हा पाहुणी घोंगडीवर रवंथ करत बसली होती आणि चिंधू विचारत होता, "आजून घ्या की वाईच."

ठकू उंबऱ्यावरच बसली आणि खूप रडली. परसात आता उरला होता अर्धामुर्धा पावटा आणि ती कोपऱ्यातली वांगी. चिंधूला खुडायला सांगायची तिची छाती होईना. अंधार पडत आला होता, हात गारठून वाकडे होत होते. शेवटी डोळे पुसून ती म्हणाली, "हे बघा. थंडीपासून माल राखायचा तर दोनच गोष्टी. बुडाला पानी सोडायचं, आन् भोवतीनं ओल्या पाल्याचा धूर करायचा. पानापानात धूर पोचला पायजे. कळलं?"

आणि नवल बघा! चिंधूने अगदी तसंच केलं. पाणी सोडलं, पाला पेटवला, फुंकून फुंकून धूर केला. सकाळी गावभराचे मळे काळे पडले होते आणि ठकूच्या परसात वांगी जांभळी चकचकीत उभी होती. ठकूने ती आपल्या हातांनी खुडली. "आज माझा धनी शाना झाला," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच. चिंधूची छाती फुगली. असा उपाय हाताशी आल्यावर माणसाला दुसऱ्या अकलेची गरजच काय?

भाजी चुलीवर चढली आणि रावजीबाबा दारात आले. पहाटेपासून चालून आलेले. दात वाजत होते, मिशांवर दव होतं.

"लई थंडी, पोरी. पार गारठलो."

"आवो," ठकू भाकरी थापता थापता म्हणाली, "बाबांना थंडी बाधू दिऊ नगा."

हे काय सांगायला हवं होतं? चिंधूने सासऱ्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवलं आणि त्यांच्या पायांवर घागरभर गार पाणी सोडलं. रावजीबाबांना शब्द फुटेपर्यंत त्याने भोवती ओला पाला रचून पेटवला होता आणि जाताना दार लावून घेतलं होतं. आतून खोकला ऐकू आला. "हलू नगा, मामा," चिंधू बाहेरून प्रेमाने म्हणाला, "पानापानात पोचू द्या."

ठकूने वडिलांना बाहेर काढलं तेव्हा त्यांचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते. तिने त्यांना शेकोटीपाशी बसवलं, कोरडं धोतर दिलं आणि नवऱ्याला दाराआड ओढलं. "आता पाया पडते. सोताचं डोकं चालवू नगा. बाबा सांगत्याल ते मुकाट करायचं. उलट एक शबूद बोलायचा न्हाई."

"न्हाई बोलत."

पानं वाढली. रावजीबाबांनी रागारागाने पहिला घास घेतला. दुसरा जरा सावकाश घेतला. तिसऱ्याला डोळे मिटले. आख्ख्या गावात त्या दिवशी ताज्या वांग्याची भाजी फक्त त्या पानात होती. "भाजी कुनी राखली?" त्यांनी विचारलं. "ह्यांनी," ठकू म्हणाली. म्हातारा विरघळला. मनात म्हणाला, वेडा आहे, पण लेकीचं परस राखतो. आता एवढंच बघू, ह्याला तिची माया आहे का. एकदा 'नको' म्हणाला की झालं. पोरीला इथेच ठेवू.

त्यांनी हात धुतले आणि मुद्दाम जरबेने म्हणाले, "जावईबापू, ठकूला मी घिऊन जातो. गाडी जुंपा."

ठकूने चिंधूकडे पाहिलं. रावजीबाबांनी चिंधूकडे पाहिलं. चिंधू मुकाट उठला.

त्याने गाडी जुंपली. इतकी नीट त्याने आयुष्यात कधी जुंपली नव्हती. ठकूला दणके बसू नयेत म्हणून खाली कडबा घातला, कडब्यावर वाकळ अंथरली. वाटेत ठकू म्हणाली, "आवो, कायतरी बोला की!" चिंधूने ओठ घट्ट मिटून मान हलवली. रावजीबाबा दोनदा खाकरले, तरी तो बोलला नाही. वाटेतला एकही खड्डा त्याने चाकाला लागू दिला नाही. दोघांना माहेरच्या दारात अलगद उतरवून, सासऱ्यांच्या पाया पडून, तो दिवस मावळताना घरी आला.

बैल बांधले, पाय धुतले आणि चिंधू आनंदाने आत धावला.

"ठकू! आगं ए ठकू! आज माझी एकबी चूक झाली न्हाई!"