तुळाजी जकात नाक्यावर बसतो

टाकळखोपी गावात तुळाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलं तेवढं करायचा, अगदी तेवढंच. त्यामुळे कुठली नोकरी टिकायची नाही. लग्नाला वर्ष झालं, तरी बायको माहेरीच. सासरे केरबा साफ म्हणाले होते, "आधी नोकरी टिकवून दाखवा जावईबापू, मग पाठवतो चंद्राला."

टाकळखोपी म्हणजे एका चिमुकल्या संस्थानाची राजधानी. वर मोठं सरकार, खाली आपले राजेसाहेब. तुळाजीच्या आईने कारभारी दाजीपंतांच्या हातापाया पडून पोराला वेशीवरच्या जकात नाक्यावर चिकटवलं.

दाजीपंत म्हणाले, "सोपं काम आहे. वेशीतून जे आत येईल, त्याची जकात घ्यायची. कळलं?"

"कळलं की!"

संध्याकाळी चरायला गेलेल्या म्हशी परत आल्या. तुळाजीने बांबू आडवा टाकला. "म्हशीमागे दोन पैसे!" धारांची वेळ टळली, म्हशी ओरडायला लागल्या, आणि बायका चरव्या घेऊन दाजीपंतांच्या दारात.

"अरे शहाण्या, गावच्यांकडून नाही! बाहेरून येऊन इथे धंदा करील, त्याच्याकडून घे."

"असं होय!"

दुसऱ्याच दिवशी वरच्या सरकारची बँक गावात आली. बैलगाडीत पोलादी तिजोरी, मागे घोड्यावर बँकेचा साहेब. बांबू आडवा.

"बाहेरून आलात, इथे धंदा करणार. काढा जकात."

"अरे, ही सरकारी बँक आहे!"

"असेना. करणार धंदाच ना?"

साहेब दुपारपर्यंत उन्हात तापला. मग राजेसाहेबांना वरून खरमरीत तार आली.

दाजीपंतांनी कपाळावर हात मारला. "त्यांच्या बँकेवर कर बसवायचा आपल्याला अधिकार नाही रे बाबा! आज कर लावला, उद्या वाढवला, तर त्यांनी बँक चालवायची कशी? वरच्या सरकारचा शिक्का दिसला की हात जोडायचे आणि सोडून द्यायचं."

"असं होय!"

बाजाराच्या दिवशी गुळाचा व्यापारी आला. त्याने मुकाट जकातीचा रुपया पुढे केला. तुळाजीने रुपया उलटून पाहिला. वरच्या सरकारचा शिक्का! त्याने घाईघाईने हात जोडले. "ठेवा, ठेवा! याला शिवायचा आपल्याला अधिकार नाही."

बातमी पसरली. लसूणवाले, तेलवाले, बांगडीवाले, सगळे आले, नाणं दाखवून नमस्कार घेऊन आत गेले. संध्याकाळी गल्ल्यात नुसती धूळ.

ओरडून ओरडून दाजीपंतांचा आवाज बसला. "शेवटचं सांगतो. इथे विकायला आलेल्या मालाची जकात आपली, नाणं कुणाचंही असो. पण या मुलखातून त्या मुलखात जाणारी गाडी वरच्या सरकारच्या अखत्यारीत. पुढे जाणारी गाडी दिसली की थेट पलीकडच्या वेशीबाहेर घालवायची. वाटेत कुठे थांबू द्यायची नाही. आता चुकलास तर कायमचा घरी बसशील."

तुळाजी दिवसरात्र तेच घोकत बसला. आणि नवल म्हणजे, जमलं! दिवस गेले, तक्रार नाही. केरबांच्या कानावर गेलं. एका सकाळी त्यांची गाडी नाक्यावर हजर. आत नवी साडी नेसून चंद्रा. तिकडे तुळाजीची आई भाकरतुकडा घेऊन कधीची दारात उभी.

"रामराम जावईबापू! नोकरी टिकली म्हणे. आणली बघा चंद्राला. हिला घरी सोडतो, चहा घेतो आणि तसाच पुढे वडगावला जातो, बैल बघायला."

तुळाजीचा चेहरा गंभीर झाला. "मामा, म्हणजे गाडी पुढे जाणारी?"

"हो, पण आधी..."

पुढचं कोण ऐकतो! तुळाजीने बांबू उचलला, कासरा धरला आणि बैलांना घेऊन पळत सुटला. "बाजूला व्हा! बाजूला व्हा!"

"अरे मेल्या, सूनबाई आहे ना आत!" आई दारातून ओरडली.

"आई, आडवी येऊ नकोस! वरच्या सरकारची गाडी आहे!"

"अहो!" चंद्रा मागे वळून किंचाळली. "घर मागे राहिलं!"

पलीकडची वेस ओलांडल्यावरच त्याने कासरा सोडला आणि बैलांच्या पाठीवर सणसणीत थापा मारल्या. बिचकलेले बैल सासऱ्यासकट वडगावच्या दिशेने उधळले.

तुळाजी घाम पुसत तडक दाजीपंतांकडे गेला. छाती फुगवून म्हणाला, "पंत, आज काडीची चूक नाही. गाडीत सख्खी बायको होती. पण कायदा म्हणजे कायदा. थांबू दिली नाही!"