परत करायचं पदक

“मग ते परत कधी करू, बाबा? भाषणाआधी की भाषणानंतर?”

हमीदबाबा सुपात डाळ निवडत होते. टेकडीखालच्या झोपडीत हा म्हातारा फकीर एकटाच राहत असे. प्रा. दिनकर बिडवे विद्यापीठातून निवृत्त झाल्यापासून त्याच्याकडे येऊन बसत. शांत व्हायला येत, असं ते म्हणत.

“काय परत करायचंय?” बाबांनी विचारलं.

“मघापासून तेच सांगतोय.” बिडवे वैतागले. “पदक. विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षं झाली, त्याचं. ज्यांनी विद्यापीठ मोठं केलं त्यांच्या घरी पाठवलंय. मला पाठवलं, आणि तेच लोमटेला पाठवलं.”

“लोमटे म्हणजे...”

“ज्यानं माझं संग्रहालय बंद पाडलं तो.”

“मग नका ठेवू.”

“ठेवतोय कुठं? आज संध्याकाळी सगळ्यांचा सत्कार आहे. भर सभेत परत करणार. पत्रकारांनाही कळवलंय.”

बाबांनी डाळीतला एक खडा बाहेर टाकला.

“समारंभाची जबाबदारी कुणाकडे आहे?”

“वसुधाकडे.”

“तुमची विद्यार्थिनी?”

“हो.”

“पदकाच्या यादीतून तुमचं नाव वगळत होते, तेव्हा भांडली ती?”

“...हो.”

“तिला सांगितलंत?”

बिडव्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हा तत्त्वाचा प्रश्न आहे, बाबा.”

बाबांनी एक उसासा टाकला. दर वेळी बिडवे नवं भांडण घेऊन येत आणि ते तत्त्वाचंच असे. त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि हात पुढे केला.

“आणा.”

बिडव्यांनी खिशातली मखमली डबी काढून दिली. बाबांनी ती उघडलीसुद्धा नाही. खुंटीवरच्या झोळीत टाकली आणि पुन्हा डाळ निवडू लागले.

“झालं. आता घरी जाऊन पडा.”

“म्हणजे?”

“पदक गेलं. सुटलात.”

“असं कसं? मला ते हवंय.”

“ठेवायला?”

“नाही हो. परत करायला.”

“तुमच्याकडे नाही, म्हणजे परतच झालं की.”

“पण इथं कोण आहे बघायला...”

बिडवे बोलता बोलता थांबले.

बाबांनी मान वर केली नाही. सुपात डाळ खुळखुळत राहिली.

तेवढ्यात वसुधाचा फोन आला. झोपडी एवढीशी, पलीकडचा आवाज दोघांनाही ऐकू येत होता.

“सर, निघालात ना? पुढच्या दाराला पायऱ्या फार आहेत. तुमचा गुडघा... मी मागच्या दाराशी खुर्ची घेऊन थांबते. तिथूनच या.”

“अगं, तू कशाला थांबतेस?”

“माझ्याशिवाय कोण थांबणार, सर?”

बिडव्यांनी फोन खिशात ठेवला. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. ते उठले नाहीत.

“वेळ होतोय, मास्तर,” बाबा म्हणाले.

“हो.”

“जायचं नाही?”

“...जायचंय.”

रिक्षावाल्यानं पुन्हा हॉर्न दिला.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. झोळीतून डबी काढली, बिडव्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली.

“घ्या, मास्तर. घट्ट धरा... सोडायचंय ना.”